गुलाबी फेस

सासऱ्यांच्या दाढीच्या ब्रशाने मी बैलांची शिंगं रंगवली. दोन बैल, चार शिंगं. तिसऱ्या शिंगावर असताना मला असंही वाटून गेलं, की खेड्यातले ब्रश काय मऊ असतात. आमच्या यवतमाळच्या दुकानांत असा माल मिळत नाही.

माझी बाजूही ऐकून घ्या. पोळ्याची सकाळ होती. राळेगाव तालुक्यातल्या त्या गावी, म्हणजे बायकोच्या माहेरी, मी त्या दिवशी चुकून लवकर उठलो होतो. घरात प्रत्येकाच्या हाताला काम होतं. सासूबाईंनी पुरणाची डाळ चढवली होती. बायको अंगण सारवत होती. सासरे बैल धुऊन, गोठ्यात बांधून, मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवायला गेले होते. मला त्यांनी जावई म्हणून एक खुर्ची दिली होती. त्या गावात जावयाने खुर्चीत बसायचं असतं आणि चहा आला की प्यायचा असतो. पण माणूस बसून बसून किती बसणार? मी गोठ्यात गेलो.

गोठ्याच्या कोनाड्यात एक वाटी होती. तीत गुलाबी रंगाची पुडी जवसाच्या तेलात कालवलेली. वाटीला लागून एक कान तुटलेला मग. मगच्या तळाला पांढरट काहीतरी घट्ट बसलेलं, आणि त्यात उभा एक आखूड दांड्याचा गोल ब्रश. आता तुम्हीच सांगा, कोणीही काय समजेल? गुलाबी रंग ताजा आहे, पांढरा मागच्या वर्षीचा वाळून गेला आहे, आणि ब्रश दोन्हींचा मिळून एक आहे. दाढीचं सामान माणूस घरात ठेवतो. बैलांजवळ कोण ठेवतो?

माझे सासरे ठेवतात. रोज पहाटे ते गव्हाणीच्या काठावर बसतात, समोरच्या खुंटीला आरसा टांगतात, लोट्यातलं गरम पाणी मगात थोडं ओततात आणि चंदनाच्या वासाच्या त्या साबणावर ब्रश घोटत राहतात. अगदी ताक घुसळावं तसं, सावकाश. घोटता घोटता त्यांचं तांबड्या बैलाशी बोलणं चालतं. दाढी झाली, की उरलेल्या फेसाचं एक बोट ते तांबड्याच्या नाकाला लावतात. तांबडा फुर्र करतो, नाक चाटतो आणि मग त्यांचा गाल चाटतो. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे तांबडा गोऱ्हा होता तेव्हापासून हे असंच चाललं आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला याचा पत्ता नव्हता, कारण सासुरवाडीत ऊन खिडकीतून तोंडावर येईपर्यंत मी कधी उठलेलो नाही. जावयाला उठवायची तिकडे रीत नाही आणि मी रीत मोडणारा माणूस नव्हे.

तर रंगवलेली शिंगं मी चार पावलं मागे सरून बघत होतो, तेव्हा बायको चहा घेऊन आली. शिंगं पाहून तिचा चेहरा खुलला. मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

"हे कायनं रंगवलं तुम्ही?"

"ब्रशाने."

"ब्रश कोनचा हाय तो?"

मी ब्रशाकडे पाहिलं. तिने मगाकडे बोट दाखवलं. मी मगाचा वास घेतला. चंदन.

तिने चहाचा कप जमिनीवर ठेवला. माझ्या हातात दिला नाही. त्यावरून मी ओळखलं, की प्रकरण साधं नाही.

ते साधं का नव्हतं, ते सांगण्यासाठी आदल्या संध्याकाळकडे जावं लागेल. पोळ्याला गावाबाहेरच्या मैदानावर, म्हणजे आखरावर, बैलजोड्या तोरणाखालून नेतात. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ते चालू असताना सासऱ्यांचे धाकटे भाऊ आले. त्यांना बायको काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. काकांनी तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "भाऊ, यंदा कासरा माह्या हाती द्या. मागच्या साली तांबड्यानं तुमाले तोरणाखालून वढत नेलतं. साऱ्या आखरानं पाह्यलं."

"वढत नाही नेलतं," सासरे म्हणाले. "मी घाईत होतो."

"वय झालं भाऊ आता."

"कोनाचं?"

सासरे तांबड्याच्या खांद्यावर हळद चोळत राहिले. मग म्हणाले, "असं कर. उद्या कासरा माह्या हातातून सुटला, तं पुढच्या पोळ्यापासून तू धर. मी वट्ट्यावर बसून पाहीन."

एवढं बोलून ते जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवरच उठले. नंतर बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबाच्या मनाले लागलं ते. उद्या तुम्ही कशातच हात घालू नका."

"मी काय करणार आहे?"

"तेच म्हणते मी. काही करू नका."

आणि आता सासऱ्यांचा आणखी एक नेम ऐका. दाढी केल्याशिवाय ते तोरणाखाली कधी गेलेले नाहीत. बैलाला सजवायचं, अंगावर झूल घालायची, आणि आपण मात्र दाढीचे खुंट वाढलेलं तोंड घेऊन त्याच्या बाजूला उभं राहायचं, हे त्यांना बैलाचा अपमान केल्यासारखं वाटतं. गावातल्या न्हाव्याने दुकान राळेगावला नेलं आहे आणि पोळ्याला तो ते उघडत नाही. म्हणजे सगळी भिस्त या ब्रशावर.

"आन इकडं," बायको म्हणाली. "बाबाचं पाणी तापेपर्यंत धुऊन टाकू."

"थांब," मी म्हणालो. "हे माझ्यावर सोड."

मी यवतमाळला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. कुठला डाग कशाने निघतो, याबद्दल पोरं मलाच विचारतात. रंग तेलात कालवलेला आहे, तेलाला साबण उतरवतो, आणि साबण तर समोर मगातच आहे. मी लोट्यातलं पाणी ओतलं आणि घोटायला लागलो. फेस सुरेख आला. गुलाबी आला. मी तो ओतून दिला आणि पुन्हा घोटलं. पुन्हा गुलाबी. ब्रशातलं तेल गेलं होतं, यात वाद नाही. रंग मात्र केसांच्या मुळाशी जाऊन बसला होता आणि दर खेपेला थोडा थोडा बाहेर येत होता. शिवाय मी मगातच घोटत असल्यामुळे आता साबणही तळापर्यंत गुलाबी झाला होता.

"अजून तसाच हाय," बायको म्हणाली.

"फिका झालाय."

"हो. मघा लग्नाच्या पत्रिकेवानी होता, आता बर्फाच्या गोळ्यावानी झाला."

माणसाने इथे थांबायला हवं. पण मी म्हणालो, "फेस गुलाबी दिसतो म्हणजे गालाला रंग लागेलच असं नाही." आणि ते सिद्ध करण्यासाठी मी आरशासमोर बसलो, ब्रश भिजवला आणि दोन्ही गालांना, हनुवटीला, कानापर्यंत फेस लावला. खरं सांगतो, त्या मऊ ब्रशाने दाट फेस लावून घेण्यात इतकं सुख असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. डब्यातला फेस वापरून माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. मी जरा जास्तच वेळ लावत बसलो. मग सासऱ्यांच्या वस्तऱ्याला हात न लावता स्वतःचं रेझर आणून नीट दाढी केली, तोंड धुतलं आणि पुसून आरशात पाहिलं.

एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मी गुलाबी होतो. कपाळ आणि नाक माझं स्वतःचं होतं.

बायकोच्या मागे गरम पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, धरून सासरे उभे होते.

त्यांनी आधी शिंगं पाहिली. मग ब्रश. मग मगातला फेस. शेवटी मी.

"शिंगं चांगली रंगवली," ते म्हणाले. "तुमची बी तोरणाखाली जायाची तयारी झाली वाट्टे, जवाईबापू."

मी म्हणालो, "मामाजी, माझ्याकडे फेसाचा डबा आहे."

बायकोने डोळे मिटले. पण दुसरा उपाय तिच्याकडेही नव्हता. अंगाच्या साबणाचं नाव काढताच सासरे म्हणाले, "त्यानं मी पाय घासतो." शेवटी बायकोनेच त्यांना गव्हाणीवर बसवलं. "बाबा, आजच्या दिवस लावा. टाइम होऊन राह्यला." मी पिशवीतून डबा आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे दाबलं का निंघते?"

"हो मामाजी. घोटायची गरजच नाही."

"मंग माणसानं करायचं काय?"

त्यांनी डबा दाबला, तो विहिरीवरच्या मोटरचं बटन दाबावं तसा, आणि दाबूनच ठेवला. तळहातावर पांढरा ढीग झाला, मनगटावरून ओघळला. "येवढ्यात साऱ्या गावाची व्हईन," म्हणत त्यांनी तो तोंडाला थापला आणि पटापट दाढी उरकली. उरलेला फेस हातात होताच. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी त्याचं एक बोट तांबड्याच्या नाकाला लावलं.

त्या डब्यावर पुदिन्याचं चित्र होतं. त्यातला थंडावा माणसाच्याही डोळ्यांत पाणी आणतो. तांबड्याने फुर्र केलं नाही. त्याने मान वर झटकली, डोळे पांढरे केले, मागे सरला आणि पाण्याच्या गंजात पाय घातला. सासरे "हो, हो, हो" करत जवळ गेले, तर तो आणखी मागे. त्यांच्या तोंडालाही तोच वास. रोज ज्या गालाला जीभ लावायची, त्याच गालापासून तांबडा दावं ताणून दूर उभा राहिला.

सासऱ्यांनी त्याचं नाक ओल्या फडक्याने पुसलं. स्वतःचं तोंड तीनदा धुतलं. मग गालावरून हात फिरवत मला म्हणाले, "थंडे पडले गाल. जित्त्या माणसाचे वाटत नाहीत."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत, आणि मला काकांचं आदल्या दिवशीचं बोलणं आठवत राहिलं.

आखरावर जायला निघालो तेव्हा मी डोक्यावरून दुपट्टा घेतला आणि तो नाकाखालून असा गुंडाळला, की फक्त कपाळ आणि नाक दिसावं. जे माझं होतं तेच तेवढं बाहेर ठेवलं. ऊन होतं, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. वाटेत सासरे कासरा धरून पुढे आणि तांबडा त्यांच्यापासून जेवढं लांब चालता येईल तेवढं लांब, तिरका. पांढरा बैल गरीब बिचारा, तो सरळ चालला होता.

पूर्वी गावात शंभर जोड्या यायच्या म्हणतात. आता ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या, पण माणसं तेवढीच येतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. डफडी वाजत होती. जोड्या एकामागून एक तोरणाखाली जायला लागल्या. आमची जोडी जसजशी पुढे सरकली, तसतसा तांबडा बिथरायला लागला. समोर डफडं आणि बाजूला पुदिना, त्याने तरी काय करावं? सासऱ्यांनी कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला मागून दिसत होत्या.

काका तोरणाच्या खांबापाशीच उभे होते. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "द्या इकडं. कोनी काही म्हणत नाही."

सासऱ्यांनी कासरा आणखी आवळला. तांबड्याने हिसका दिला. कासऱ्याचा एक वेढा सुटला.

तेव्हा मी काय केलं, असं लोक मला विचारतात. मी काहीही केलं नाही. बायकोने सांगितलं होतं तसं. मी फक्त गर्दीत पुढे ढकलला गेलो आणि तांबड्याच्या तोंडासमोर आलो. एवढी ओली, गरम नाकपुडी माझ्या दुपट्ट्याला लागली. त्याने एकदा श्वास घेतला. मग पुन्हा, लांब. मग जीभ काढली आणि दुपट्टा बाजूला सारून माझा डावा गाल हनुवटीपासून कानापर्यंत चाटला. बैलाची जीभ कशी असते ते ज्याने अनुभवलं नाही त्याने लाकूड घासायचा कागद डोळ्यांसमोर आणावा, आणि तो ओला करावा.

दुपट्टा खाली पडला. डफडं वाजवणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा ठेका चुकला. पण तांबडा शांत उभा होता, कान पाडून, गोठ्यात उभा असावा तसा. मी घाबरून डावीकडे सरलो, त्याची मान डावीकडे आली. उजवीकडे सरलो, उजवीकडे.

हे चंदनाच्या वासाचं काम आहे, हे सासऱ्यांनी माझ्याआधी ओळखलं. ओठ न हलवता ते म्हणाले, "जवाईबापू, पळू नका."

"बरं."

"मांगं मांगं चाला. गाल त्याच्यापाशी राहू द्या."

आणि मी चाललो. उलटा, पाठीमागे, दोन्ही गाल आळीपाळीने पुढे करत. सासरे शेजारून ताठ मानेने, कासरा सैल सोडून, असे चालत होते, की जणू तांबडा त्यांच्या नुसत्या शब्दावर येतो आहे. पांढरा मागोमाग. असे आम्ही तोरणाखाली गेलो. आंब्याचं एक पान माझ्या डोक्यावर पडलं, ते काढायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. कोणीतरी मध्ये येऊन कोणाची तरी उडवणाऱ्या दोनचार ओळी ओरडतो आणि सारा आखर त्याला जोड देतो. त्या वर्षी दुसऱ्या बाजूने एक आवाज आला:

"शिंग रंगलं बैलाचं, जवायाच्या गाली गुलाल,
इलेक्शन तं झालीच नाही, हा निवडून आला काल!"

त्यावर जे "हर बोला हर हर महादेव" झालं, ते शेजारच्या गावच्या पोळ्यात ऐकू गेलं असावं. मोबाइल तर इतके वर झाले होते, की संध्याकाळपर्यंत यवतमाळला माझ्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर मी पोहोचलो होतो.

तोरणापलीकडे काका आले. त्यांनी कासऱ्याकडे पाहिलं. तो सासऱ्यांच्या हातात होता.

"सुटला नाही भाऊ."

"नाही सुटला."

"पन जवाई समोर होता तुमचा."

"जवाई काय कासऱ्याले बांधला होता का?" सासरे म्हणाले. "त्याले पोळा पाहाचा होता, तो पाहून राह्यला होता."

"मंग पुढच्या साली?"

"पुढच्या साली बी मीच हाय."

काका हसले. मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं. त्यांनी खिशातून सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढून भावापुढे धरली आणि दोघं तिथेच तांबड्याला टेकून खर्रा खात उभे राहिले. माझा गाल जळत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. बैलांचं झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. मी ओट्यावर पोटाला हात लावून बसलो होतो. सासरे मग आणि ब्रश घेऊन गोठ्याकडे निघाले होते. माझ्यापाशी थांबले.

"नवा साबण आणतो मी राळेगावहून," मी म्हणालो. "ब्रशही आणतो."

"कायले? हा चांगला हाय." त्यांनी गुलाबी ब्रश झटकून पाहिला. "रंग काय, दिवाळीपर्यंत उतरून जाईन. तवापर्यंत थोडा फार लागला गालाले, तं मी कोठं लग्नाले उभा हावो?" दोन पावलं गेले आणि मागे वळले. "पुढच्या साली लवकर उठत जा. आपन दोघं इथंच करू दाढी. तो डबा मात्र घरी ठेवा."

तो डबा सध्या आमच्या न्हाणीघरात पडून आहे. मी त्याच आठवड्यात एक मग, एक ब्रश आणि चंदनाचा साबण घेतला. रोज सकाळी घोटतो. बैल नाही, त्यामुळे बोलायला कोणी नाही, पण तो भाग निराळा.

त्या दिवशी दुपारी बायको खोबरेल तेलात भिजवलेला बोळा घेऊन आली आणि माझा गाल चोळायला बसली. डावा तांबड्याने बराच साफ केला होता. उजव्याचा रंग तेलाला दाद देत नव्हता. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "रागावलीस का?"

तिने बोळा उलटा केला आणि चोळत राहिली.

"बाबा दरसाल दोन बैल नेतात तोरणाखाली," ती म्हणाली. "यंदा तीन नेले. तिसरा कामाचा नाही, पन गरीब हाय."